आत्याच्या चिठ्ठीवरचा छोटा ए

माझी आत्या नकाशे छापणाऱ्या कंपनीच्या दारात बसते. दारात म्हणजे काउंटरमागे. तिची नक्कल मी झोपेतही करीन. शब्द आधी नाकात जरा विसावतात, मग बाहेर पडतात. "नाऽव? काऽम? बसा." सत्तावीस वर्षं हेच.

आलेल्याचं नाव ती इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून वर साहेबांकडे पाठवते. ओळखीचा असेल तर नुसतं नाव. अनोळखी असेल तर नावाआधी छोटासा ए, इंग्रजीत 'कुणी एक' या अर्थी लावतात तो. म्हणजे, कुणी एक अमुक आलेत, मला ठाऊक नाहीत. जुन्या साहेबांनी शिकवलेली ही पद्धत इतकी मुरली आहे की नवे साहेब नाव वाचतच नाहीत, आधी ए बघतात. नसला की "पाठवा वर." असला की "बसू दे." भलीभली माणसं त्या ए-पायी बाकावर पेंगली आहेत. त्या खोलीत झोप येतेच म्हणा. भिंतीभर नकाशांतले निळे समुद्र टांगलेले, काचेच्या दारातून ऊन पाण्यासारखं हलत आत येतं, आणि पंखा एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत राहतो.

ए कधी गाळायचा ते आत्या ठरवते. "तीनदा आल्याशिवाय माणूस कळत नाही गं."

गेल्या मंगळवारी तिथे काका आला, आत्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांनी. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा फोन केले, निरोप धाडले, पण हा फिरकला नाही. ते जाईपर्यंत सगळं आत्याने एकटीने निभावलं. तेव्हापासून घरात त्याचा विषय बंद. त्याला एवढंच विचारायचं होतं, घरी येऊ का? दार वाजवायची छाती होईना, म्हणून तो ताईच्या कचेरीत आला.

"नाऽव?" आत्या म्हणाली.

"ताई, चेष्टा करतेस?"

"नाव."

त्याने सांगितलं, आडनावासकट. आमचंच आडनाव.

"कुणाला भेटायचंय?"

इथे काकाची पुरती त्रेधा उडाली. "साहेबांना," तो बोलून बसला.

झालं! आत्याने चिठ्ठी लिहिली. आधी ए, मग सख्ख्या भावाचं नाव. वरून उत्तर आलं, बसू दे. गुडघ्यांवर हात ठेवून काका प्रशांत महासागराखाली बसला. आत्या फोन घेत होती, चिठ्ठ्या लिहीत होती. "तळाशी बसल्यासारखा दिसत होता," ती मला नंतर म्हणाली. "वाटलं, हात लावला तर ओला लागेल."

अडीच वाजता साहेबच चिठ्ठी हातात घेऊन खाली उतरले. "बाई, हे तुमच्याच आडनावाचे. तुमचे कोणी?"

आत्याने पुढची चिठ्ठी ओढली. काकाच उठला. "साहेब, माझं तुमच्याकडे काही काम नाही. हिच्याकडे होतं."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"हिने बसा म्हटलं."

साहेब हसत हसत वर गेले. आत्या हसली नाही.

"का नाही आलास तेव्हा?"

"घाबरलो, ताई. बाबांना तसं बघणं मला झेपलं नसतं."

"मीही घाबरले होते. मी कुठे जाणार होते रे?"

काका तिथेच उभा राहिला, मान खाली घालून. पण गेला नाही. आत्याने डबा उघडला, झाकणात अर्धं वाढलं आणि काउंटरवरून त्याच्याकडे सरकवलं.

सहाला दोघं निघाली. तिची पिशवी काकाच्या खांद्यावर. ऊन उतरलं होतं आणि रस्ता अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखा लांबत चालला होता. चौकात काका सवयीने डावीकडे वळला. आम्ही घर बदलून नऊ वर्षं झाली, त्याला काय माहीत!

आत्याने त्याची बाही धरून ओढली. "इकडे."