चिंच त्यांची, मोरी कोणाचीच नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी पावणेसहाला, टाकळखेडीच्या कमलाबाईंवर अन्याय झाला. झेंडूची पोती घेऊन अमरावतीला निघालेला त्यांचा ऑटो खचलेल्या मोरीत पलटला. मोरी म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल. दसरा गेल्यावर झेंडूला कोण विचारतं? सगळं फूल उकिरड्यावर गेलं. मोरी दुरुस्त करा म्हणून त्यांनी तीन अर्ज दिले. बांधकाम विभागाचं तिन्ही वेळा एकच उत्तर : 'सदर रस्ता या विभागाच्या यादीत नाही.' जिल्हा परिषदेचंही तेच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी सर्वेअर. अमरावतीकडून अकोल्याकडे जाणाऱ्या एका राज्य महामार्गाची मोजणी आमच्या कंपनीकडे होती. रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट सुरुवातीपासून किती अंतरावर आहे, याला आम्ही चेनेज म्हणतो. जानेवारीत माझं चेनेज जुळेना. एक्केचाळीसच्या दगडापासून चव्वेचाळीसचा दगड तीन किलोमीटरवर हवा. मोजणीचं चाक फिरवलं, सव्वा किलोमीटर भरलं. परत फिरवलं. सव्वाच.

उरलेले पावणेदोन गेले कुठे?

बॉसला फोन लावला.

"दगड चुकीचा आहे असं लिही अन् पुढे सरक."

"सर, सगळेच दगड कसे चुकतील?"

"तुले दगडाचा पगार भेटते का चाकाचा?"

मी सरकलो नाही. एक्केचाळीसच्या पुढे बाभळीआड एक जुना डांबरी फाटा दिसला. आत गेलो. बेचाळीसचा दगड कमरेएवढ्या गवतात. मग टाकळखेडी, मग ती मोरी, मग त्रेचाळीसचा दगड. महामार्ग पूर्वी गावातून जायचा. पुढे बाहेरून सरळ तुकडा काढला, गावातला तुकडा यादीतून कापला आणि कोणाच्याच हवाली केला नाही. पण दोन्ही कडांना चिंचा होत्या, आणि खोडांवर गेरू-चुन्याचे पट्टे, नंबर. रंग ताजा. टाकून दिलेल्या रस्त्याची झाडं कोण रंगवतं?

बाजूच्या शेतात कमलाबाई होत्या. त्यांनाच विचारलं.

"मावशी, हे नंबर कोन टाकते?"

"बांधकामवाले. दरसाल येतात, झाडं मोजतात, चिंचेची हर्रास करतात." हर्रास म्हणजे लिलाव.

"अन् हे मोरी?"

"ते नाही दिसत त्यायले. वर पाहून चालतात ना!"

मग त्यांनी ऑटोची आणि तीन अर्जांची हकिकत सांगितली. मी तडक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांकडे गेलो.

"झाडं आमची आहेत," ते म्हणाले. "रस्ता नाही."

"मग साहेब, झाडं कशाच्या कडेला आहेत?"

"तुम्ही मोजायला आलात. मोजा."

मोजलं. गावातला तुकडा, झाडांचे नंबर, फोटो, सगळं रिपोर्टात घातलं. बॉसने ते पान काढून टाकलं. मग मी कॉलेजात करायचो तेच केलं. पत्रक छापलं. 'चिंच तुमची, मोरी कोणाची?' खाली झाडांचे नंबर. गठ्ठा कमलाबाईंकडे दिला.

मार्चमध्ये हर्रास घेतलेला ठेकेदार गाडी घेऊन आला. पहिल्या झाडाखाली कमलाबाई आणि गावच्या पंधरा-वीस बाया पत्रक घेऊन बसलेल्या.

"माय, पैसे भरले मी. तोडू दे ना."

"आमी कुठं नाही म्हनतो बापू? ज्याचा नंबर त्याले बोलाव. मोरी करून दे म्हना, मंग तोड."

"माह्यी चिंच गळून जाईन!"

"आमचा झेंडूबी गेला."

ठेकेदाराने तिथूनच ऑफिसला फोन लावला. काय बोलला ते इथे छापता येणार नाही. चार दिवसांत सिमेंटचे पाइप आले, पंधरवड्यात मोरी झाली. कामाच्या फलकावर लिहिलंय : 'झाडांच्या देखभालीसाठी पोचमार्ग'. रस्ता आजही यादीत नाही.

मी शिकलो ते एवढंच. सरकार काय देतं हे विचारलं तर कागद मिळतो. काय नेतं हे दाखवलं तर पाइप येतात.

तुमच्याही गावचा रस्ता 'यादीत नाही' ना? मग हे वाचून हळहळू नका. उद्या सकाळी जा, कडेच्या झाडांचे नंबर उतरवा, फोटो काढा आणि पुढच्या अर्जात पहिल्याच ओळीत ते नंबर लिहा.