उद्याशेठचं ड्रिल आणि बेकरीची मोटर

गल्लीत त्यांना सगळे उद्याशेठ म्हणतात. शेठ ते कधीच नव्हते. उभा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेला. 'उद्या' मात्र स्वकष्टानं कमावलेलं. लोकांचा पंप बंद पडला की हा माणूस ताटावरून उठून धावणार, आणि घरचं काम निघालं की ठरलेलं उत्तर, "उद्या करू." त्यामुळे पोट फाडलेला रेडिओ, पुढचं चाक नसलेली सायकल आणि निम्म्या पायऱ्यांची शिडी ही मंडळी घरात वर्षानुवर्षं पाहुणचार झोडत होती.

त्यात एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर आडवं पडून ड्रिल मशीन आलं. लोखंडी खांबाचं, माणसाएवढं उंच, गंजून लाल झालेलं. उद्याशेठ ज्या तंत्रशाळेत शिकले, तिनं ते मोडीत काढलं होतं. मोटर तर कधीच जळून गेलेली. ठेवायला जागा एकच, त्यांच्या बायकोची, म्हणजे गल्लीच्या वहिनींची, शिवणाची खोली.

"अहो, हे नवे जावई कोण?" वहिनींनी शिलाई मशीनवरून मानही न वळवता विचारलं.

"अगं, ह्याच्यावरच शिकलो मी! फक्त मोटर बसवायची."

"कधी?"

उद्याशेठनी तोंड उघडलं आणि वेळीच मिटलं.

निकाल तिथल्या तिथं लागला. रविवारी सकाळी भंगारवाला परत येणार. तोवर जावईबापूंनी लोखंडात एक तरी भोक पाडलं तर राहतील, नाही तर आल्या गाडीनं परत. "आणि जावई परत निघाले तर मी रडणार नाही आणि तुम्हीही रडायचं नाही," वहिनींनी बजावलं.

मग उद्याशेठ जे सुटले ते सुटलेच. मशीनचा सांधा न् सांधा मोकळा केला, रॉकेलमध्ये बुडवला, पॉलिश पेपरनं घासला. गंजाखालून हिरवा रंग डोकावला तेव्हा ते असे ओरडले, की वहिनींच्या बोटात सुई टोचली. अडकलेली दांडी पहिल्यांदा सुळकन खाली सरकली तेव्हा तर शेजारचा न्हावी अर्धी दाढी टाकून बघायला आला. गिऱ्हाईक मागोमाग, तोंडाला फेस तसाच.

सगळ्यात शेवटी मशीनचं टेबल साफ झालं. त्यावर चंद्रावर असतात तसे खड्डे होते. आधीच्या पोरांनी वेळेत हात न थांबवल्याच्या त्या खुणा. उद्याशेठनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "हा माझा. गुरुजींनी कान असा पिळला होता की दोन दिवस टोपी बसेना."

"कौतुकानं काय सांगता?" वहिनी म्हणाल्या. पण बघायला मात्र उठल्या.

मोटर आणली वहिनींच्या भावानं. हा मेहुणा वायरमन, आणि दाजींची खेचणं हा त्याचा जोडधंदा. बंद पडलेल्या बेकरीतल्या, कणीक मळायच्या यंत्राची मोटर होती ती. तिचा शाफ्ट बारीक, ड्रिलच्या पुलीचं भोक मोठं. उद्याशेठनी जुन्या पंपाचं पितळी बुश, म्हणजे छोटं नळकांडं, मध्ये ठोकून तो प्रश्न मिटवला. खरं घोडं पुढं अडलं. मोटरचे पाय बैठकीच्या भोकांशी जुळेनात.

"नवी भोकं पाडा की, दाजी."

"कशानं?"

"ड्रिलनं!" असं म्हणून मेहुणा पोट धरून खाली बसला.

उद्याशेठ हसले नाहीत. कानस घेतली आणि शनिवारभर भोकं लांबवत बसले. हाताला फोड आले, पण मोटर बसली. बेल्ट चढला. मेहुण्यानं वायरी जोडल्या.

रविवारी खोलीत न्हावीसुद्धा हजर. उद्याशेठनी टेबलावर लोखंडी पट्टी आवळली, एकदा खांबाला हात लावला आणि बटण दाबलं.

मोटर गरजली, आणि बेकरीतलं साठून राहिलेलं पीठ भसकन बाहेर पडलं! उद्याशेठ पांढरे, मेहुणा पांढरा, वहिनींनी शिवलेला काळा झगासुद्धा पांढरा. पण ड्रिलचं पातं धरणारा चक फिरत होता, गरागरा फिरत होता! उद्याशेठनी जोर लावून दांडा खाली ओढला. धूर निघाला. भोक मात्र नाही. त्यांनी पातं काढून धार लावली, पुन्हा दांडा ओढला. पुन्हा धूर. पट्टी नुसतीच चकाकली. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली.

"मोटरच कमजोर असणार," मेहुणा पुटपुटला.

वहिनी झगा झटकता झटकता थांबल्या. "अहो, हे उलटं फिरतंय. माझं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, तसं."

कणीक कुठल्याही बाजूनं मळली जाते; लोखंडाला तसं चालत नाही. उद्याशेठनी कपाळावर हात मारला, त्यामुळे पिठात पाच बोटं उमटली. "अरे वायरमन!"

मेहुण्यानं मुकाट्यानं प्लग काढला, मोटरच्या आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा बटण. ह्या वेळी दांडा खाली येताच लोखंडाची कुरळी साल गोल गोल वर येऊ लागली, चकचकीत, अखंड! "आलं! आलं!" न्हावी नाचायला लागला. उद्याशेठ इतके हरखले, की पट्टीतून आरपार जाऊनही हात थांबला नाही.

पट्टी सोडवली. टेबलावरच्या जुन्या खड्ड्याशेजारी एक कोराकरकरीत खड्डा.

वहिनींनी नवऱ्याचा पिठाळ कान चिमटीत धरला. "गुरुजी नाहीत म्हणून काय झालं?"

दारात भंगारवाला उभा. "काय ताई, उचलायचं ना?"

"ते नाही. तो रेडिओ, ती सायकल आणि शिडी न्या."

उद्याशेठ तोंड उघडणार होते. पण कान अजून चिमटीत होता.

सामान चढवून झालं तरी भंगारवाला रेंगाळला. "शेठ, गाडीच्या ह्या पट्टीचा बोल्ट सारखा निसटतो. एक भोक पाडून मिळेल?"

"उद्या..." सवयीनं निघून गेलं. उद्याशेठनी मशीनकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"उद्या कशाला," ते म्हणाले. "आण इकडे."

आणि ह्या वेळी त्यांनी पट्टीखाली आधी लाकडाचा तुकडा ठेवला.