चहाले गेली, येतेच आता

आदिलाबादच्या मानसोपचार वॉर्डातली शुभांगी सिस्टर भावाच्या लग्नाला बोथ गावी आली खरी, पण जीव थाऱ्यावर कुठला! मांडवात त्रिशरण सुरू झालं, सगळ्यांचे हात जोडलेले, आणि हिची नजर मोबाईलवर.

वॉर्डात रूपाली होती. बावीस वर्षांची, व्यक्तिमत्त्व विकाराची पेशंट. आज शुभांगी तिची देवी, उद्या वैरीण. आपल्याला कुणी सोडून जातंय असं नुसतं वाटलं तरी पोरगी ब्लेड शोधायची, मनगट चिरायची. लहानपणी आई "पाणी आणतो" म्हणून गेली, ती गेलीच. म्हणून शुभांगीने आदल्या दिवशी तिला सरळ सांगितलं होतं, "उद्या लग्नाले जातो. परवा सकाळी येतो." रूपालीने आकांत केला, पण ऐकून घेतलं.

आणि दुपारी आया ताराबाईचा फोन, वर कौतुकाने! "सिस्टर, लई रडून राह्यली होती. म्या सांगतलं, लग्नाले नाई गेली माय, चहाले गेली, येतेच आता. कशी गप झाली! दारातच बसून हाय."

शुभांगी मांडवाबाहेर धावली. "अवं ताराबाई, काय करून बसल्या! तिले द्या फोन." मग तिने खरं तेच सांगितलं, "रूपाली, मी बोथलेच आहो. ताराबाईनं खोटं सांगतलं. मी उद्या सकाळी येतो."

"लबाड साऱ्या!" फोन कट.

ड्यूटीवरच्या सिस्टरला शुभांगीने लगेच कळवलं, नजर हटवू नका म्हणून. आत्ताच्या आत्ता बस धरावी असं फार वाटलं. पण घाबरवलं की सिस्टर धावत येते, हे एकदा रूपालीला कळलं की संपलंच. सांगितलं तेच करायचं. मेलं, सांगायला सोपं! पंगतीत बुंदी तशीच राहिली.

सकाळी ती धापा टाकत वॉर्डात शिरली. रूपाली भिंतीकडे तोंड करून, हात चादरीत. शुभांगी खाटेजवळ गेली.

"रूपाली, आली मी."

चादर उडाली, उशाशी ठेवलेला चहाचा पेला आला, चहा थेट युनिफॉर्मवर. फेकताना दोन्ही मनगटं उघडी पडली. जुने वण, नवा ओरखडा एकही नाही. शुभांगीला तिथंच रडू फुटलं.

रूपाली तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमी सांगून गेल्या. मंग माही माय काऊन नाई सांगून गेली?"