चार माणसं वर, शिडी खाली

मुलुंडच्या आमच्या घरात मी बांधलेला पोटमाळा अजून पडलेला नाही. मध्ये दोनदा तो पाडायला माणसं बोलावली होती. तुळया बघून तीच परत गेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. दिवसभर काँक्रीटच्या खांबांचे आणि स्लॅबचे हिशेब करायचे आणि संध्याकाळी एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढ्या जागेत आई, बायको सुलभा, धाकटा भाऊ विनू आणि मी असं मावायचं, हा दिनक्रम. लोकांना दोन-दोन बेडरूम काढून देणारा माणूस स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाय लांब करून झोपतो, तेव्हा त्याच्या शास्त्राबद्दल घरच्यांचं मत फारसं चांगलं नसतं.

विनूचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं. मुलगा पसंत, नोकरी पसंत, पत्रिका जुळलेली. मग मुलीकडचं कुणीतरी आमच्या खोलीवर नजर फिरवायचं (त्याला वेळ लागत नसे) आणि विचारायचं, "आणि ही दोघं... म्हणजे राहणार कुठे?" यावर आई चहा आणायला उठायची आणि चहा येईपर्यंत स्थळ गेलेलं असायचं. तिसरं स्थळ बोरिवलीच्या राण्यांचं. मुलगी मीना, बँकेत नोकरीला. विनू तिला भेटून आला आणि शीळ घालत फिरायला लागला. एका संध्याकाळी त्याने मला गॅलरीत गाठलं.

"दादा, हे स्थळ गेलं ना, तर मी दुसरी मुलगी बघणार नाही. सांगून ठेवतो."

"मग मी काय करू?"

"तू इंजिनिअर आहेस ना? कर ना काहीतरी यार."

घरात मला इंजिनिअर असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मी पेटलो. इमारत जुनी, भिंती जाड, छत साडेदहा फूट उंच. अर्ध्या खोलीवर लाकडी पोटमाळा घातला, पुढे पडदा सोडला, की नव्या जोडप्याची वेगळी खोली तयार!

अडचण एवढीच की मला लाकडातलं काही कळत नव्हतं. काँक्रीट बिचारं आज्ञाधारक असतं. साच्यात ओताल तसं होतं, शंका आली तर त्याचा ठोकळा प्रयोगशाळेत फोडून बघता येतो. लाकूड स्वतःचा स्वभाव घेऊन येतं. एका तुळईत गाठ, दुसरीत भेग, तिसरी पावसाळ्यात फुगणार. तेव्हा मी सावधपणे हिशेब मांडला. लाकडावर विश्वास नव्हता, म्हणून त्याची ताकद निम्मी धरली. होणाऱ्या भावजयीचं वजन विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते दुप्पट धरलं. पुढेमागे मुलं होतील, पाहुणे येतील, लोखंडी कपाट चढेल, तेही धरलं. शेवटी आपल्याच गणितात चूक असेल म्हणून उत्तर दीडपट केलं. (एवढा एकच अंदाज अचूक होता.)

कुर्ल्याच्या वखारीतून पाडलेल्या इमारतींच्या जुन्या सागवानी तुळया आल्या, तेव्हा टेम्पोभोवती बिल्डिंग जमली. दीड-दीड फूट जाडीच्या तुळया. शेजारच्या शहाकाकींनी विचारलं, "आगगाडी जाणार काय रे वरून?" पुढे तुळयांची टोकं बसवायला भिंतीत खाच पाडताना गवंड्याची पहार शहाकाकींच्या स्वयंपाकघरात निघाली. मी भोकातून डोकावून म्हटलं, "काकी, सॉरी हां."

"असू दे. बुजवायच्या आधी तेवढी कोथिंबीर दे ना तिकडून."

माळा तयार झाला. त्यावरून हत्ती गेला असता. फक्त आडवा होऊन जावं लागलं असतं. खालून जाताना डोकं लागू नये म्हणून साडेसहा फूट सोडले होते. त्यावर त्या तुळया, त्यावर फळ्या. छतापर्यंत जे उरलं, त्यात माणूस झोपू शकत होता, कुशीवर वळू शकत होता, पण बसू शकत नव्हता. मजबुतीच्या भरात मी राहायची जागा तुळयांना देऊन टाकली होती.

आईने स्टुलावर चढून आत डोकावलं. आई मालवणची. रागावली की तिचं मुंबईचं मराठी संपायचं.

"झिला, हो माळो माणसांसाठी आसा काय पापडांसाठी?"

"आई, मजबुती बघ ना."

"मजबुती बघतंय. सून खंय बसतली?"

रविवारी दुपारी राणे घर बघायला आले. स्वतः राणे, त्यांच्या पत्नी, मीना, आणि मीनाचे मामा. मामा सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते, पण हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं दिसत नव्हतं. एप्रिल महिना असून हातात छत्री. तिच्या टोकाने त्यांनी आधी भिंत ठोकली, मग दार, मग माझी तुळई.

"लोड किती धरलाय?"

मी सांगितला. सगळे गुणाकार सांगितले.

"कागदावर सगळंच उभं राहतं हो."

"मग चढूनच बघा," मी म्हणालो. सुलभाने मागून माझा शर्ट ओढला. मला वाटलं, प्रोत्साहन देतेय.

मी पुढे झालो. मागून राणे. "पोरगी इथे राहायची, मी बघणार," म्हणत राणेबाई पदर खोचून आल्या. शेवटी छत्रीसह मामा. प्रत्येक जण वर येऊन डोकं आपटायचा आणि मग आडवा व्हायचा. भिंतीकडे राणेबाई, मग राणे, मग मामा, आणि सगळ्यांना आत सरकवून कडेला मी. चार माणसं, आणि फळी करकरलीसुद्धा नाही. आयुष्यात कुठल्याही इमारतीने मला इतका आनंद दिलेला नाही.

मात्र शिडीचा हिशेब मी केला नव्हता. शिडी ती काय, उरलेल्या फळ्यांची, भिंतीला टेकवलेली. तिचं खालचं टोक जमीन धरून ठेवेल असं मी मानून चाललो होतो. पण पाहुणे येणार म्हणून सुलभाने आमच्या लाल कोब्याला सकाळीच खोबरेल लावून त्याचा आरसा केला होता. मामांनी शेवटचा पाय उचलताना शिडीला जरा रेटा दिला आणि शिडी शांतपणे दाराकडे निघाली. वाटेत कॉटच्या लोखंडी कडेवर आपटली आणि मधोमध मोडली.

मग मामा म्हणाले, "हे कुणाचं डिझाइन?"

"शिडी माझ्या डिझाइनमध्ये नव्हती."

"मग आम्ही काय उडत उतरायचं?"

विनूने कॉटवर स्टूल ठेवलं. मी म्हटलं, "चला मामा, मी आधार देतो."

"तुमच्या कुठल्याही रचनेवर मी आता पाय ठेवणार नाही." मामा हलेनात, त्यामुळे पलीकडचे राणे नवराबायकोही अडकले.

"मी शिडी घेऊन येतो कुठूनतरी," विनू म्हणाला.

"एकट्याला कशी उचलणार? मी येते," मीना म्हणाली, आणि आम्ही वरून "अगं, अगं" म्हणेपर्यंत दोघं बाहेर पडलीसुद्धा. ज्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते सगळे माळ्यावर पालथे पडलेले.

आईने परिस्थिती हातात घेतली. सुलभा स्टुलावर उभी राहून पोह्यांच्या बशा वर देऊ लागली. पालथं पडून पोहे खाता येतात. चहा मात्र बशीत ओतून, मांजरासारखा. आणि मला एक गोष्ट दिसली. आडव्या माणसाला तोरा मिरवता येत नाही. शर्टावर चहा सांडल्यावर मामा एकदम माणसात आले. राणेबाई वरून विचारायच्या, "पोह्यात खोबरं ओलं ना?" आई मान वर करून सांगायची, "ओलंच. आणि देण्याघेण्याचं आमचं काही नाही हो."

"आमचंही काही नाही," राणे म्हणाले. "फक्त उतरवा."

शेजारी टीव्हीवर संध्याकाळचा सिनेमा सुरू झाला तरी दोघांचा पत्ता नव्हता. विनूचं स्थळ मी अक्षरशः टांगून ठेवलं होतं.

"बघा, अजून फळी वाकलेली नाही," वातावरण हलकं करायला मी म्हणालो.

"तुम्ही गप्प पडून राहा," मामा म्हणाले.

शेवटी जिन्यात हसण्याचा आवाज आला. पुढचं टोक मीनाच्या खांद्यावर, मागचं विनूच्या, मधे रंगाने माखलेली भलीमोठी शिडी.

"इतका वेळ कुठे होतात?" राणे वरून गरजले. (म्हणजे गरजायला गेले, डोकं छताला लागलं.)

"अहो बाबा, दुकानं बंद. स्टेशनपलीकडे एका नव्या बिल्डिंगला रंग चाललाय, तिथल्या रंगाऱ्यांनी दिली," मीना म्हणाली. "आणि तिथे दुसऱ्या मजल्यावर एक जागा रिकामी आहे, भाड्याने. वॉचमनने दाखवली. आम्ही बघितली. दोघांचे पगार धरले तर जमतंय. सरळ उभं राहता येतं."

राण्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या हसत होत्या. विनू माझ्याकडे बघत नव्हता.

"म्हणजे तू होकार दिलास?" राण्यांनी विचारलं.

"हो. शिडी आणतानाच."

मी कसाबसा म्हणालो, "आणि मग हा माळा?"

"माळा झकास आहे हो, दादा. लोणच्याच्या बरण्या मस्त राहतील."

एकेक करून सगळे उतरले. खाली विनूने शिडी धरली. मला धरू दिली नाही. आईने साखर आणली. मामांनी शर्ट झटकला, छत्री काखेत मारली आणि पुन्हा ओव्हरसियर झाले.

"मुलगा पसंत, माणसं पसंत. आमची एकच अट. लग्नाचा मांडव घालताना थोरल्या भावांनी तिकडे फिरकायचं नाही."

आई लगेच म्हणाली, "मान्य."

अट मी पाळली. मांडव शेवटच्या पंगतीपर्यंत छान उभा होता, आणि दोन्हीकडचा प्रत्येक पाहुणा जाताना मला भेटून तेवढं सांगून गेला.