क्रँकला लावलेला सीट बेल्ट

इंजिन उघडलं की तळाशी लोखंडाचा चुरा सापडतो. आमच्या दुकानात तसे किस्से साठतात. चुरा निदान धुता तरी येतो, किस्से मात्र चिकटून बसतात. आमचं दुकान बेंगळुरूत, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत. इंजिनातली क्रँक, म्हणजे पिस्टनच्या उड्यांनी गोल फिरणारा तो वाकडातिकडा दांडा, आम्ही घासून नीट करतो. मशीनवर मी असते आणि शेजारी खुर्चीवर माझे वडील, अण्णा. रिटायर झालेत असं ते सांगतात. खुर्चीला ते कोणी सांगितलेलं नाही.

केळकरकाका पहिल्यांदा आले ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआरहून, लेकीच्या गाडीतून. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली क्रँक, आणि तिला सीट बेल्ट!

काका सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. क्रँक आडवी ठेवली तर वाकते हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून घरी त्यांनी ती देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभी केली होती. कामवाली रोज तिला फूल वाहायची. काका म्हणाले, "परवा व्याही आले होते. नमस्कार करून गेले."

क्रँक काकांच्या घरच्या गाडीची. गाडी जुनी, आणि ती चालवायच्या काकू. काकांना चालवता येते, पण काकू देत नाहीत. मध्यंतरी काकू पडल्या, मांडीचं हाड मोडलं, वॉकर आला. त्याच सुमारास इंजिनही बसलं. लेक म्हणाली, गाडी भंगारात देऊन टाकू. काकू म्हणाल्या, "मी व्यायाम करते तो क्लच दाबायला. गाडी गेली तर पाय कशाला उचलू?"

हे ऐकल्यावर अण्णांनी क्रँक साखळीला टांगली आणि हातोडीने हलकेच ठोकली. ही त्यांची जुनी पद्धत. धड क्रँक घंटेसारखी वाजते, तडा असेल तर भद्द आवाज येतो. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सरी आहे, ठीक आहे. जीव आहे हिच्यात." काकांनी तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून काकूंना पाठवला. काकूंचं लगेच उत्तर आलं : "कुठल्या देवळात आहात?"

पण मी मोजलं तर घोटाळा. आधीच कोणीतरी ती घासून घासून शेवटच्या मापाला आणलेली. आणखी घासली तर भंगार, आणि नवी कुठे मिळत नाही. उपाय एकच होता, वेल्डिंग करून झिजलेल्या जागी धातू भरायचा आणि पुन्हा मापात घासायचा. अण्णांना वेल्डिंगचा मनस्वी राग. "तापली की वाकते ती!" वाकलीच. मग मी ती प्रेसखाली सरळ करत बसले. मोजणाऱ्या घड्याळाचा काटा जिकडे हलेल तिकडे काकांची मान हलायची, आणि वर सूचना. शेवटी अण्णा म्हणाले, "सर, स्वल्प बाहेर चहा पिऊन येता?" त्या दिवशी काकांनी इतका चहा प्यायला की टपरीवाला त्यांना अण्णा म्हणू लागला.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे मशीनं बंद. त्यांना हार, लिंबं, आणि अण्णांच्या हातची विभूती. क्रँकचं घासणं थोडं बाकी होतं. अण्णांनी पुसून ठेवलेल्या क्रँकवरही तीन बोटं ओढली. मी आरती घेऊन आले आणि थबकले. पांढऱ्या विभूतीत केसाएवढी काळी रेघ उमटली होती. भेगेत मुरलेलं तेल वर आलेलं! काकांनी वाकून पाहिलं आणि रेघ मोजायला पट्टी मागितली. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, म्हणजे रात्रभर जीव टांगणीला. मला तर प्रसादही गोड लागला नाही.

सकाळी पहिली घासणी घेतली आणि रेघ गेली. भेग वेल्डिंगच्या वरच्या थरापुरतीच होती. अण्णांनी पुन्हा टांगून वाजवली आणि तोच आवाज आला. काका देव मानत नाहीत. जाताना मात्र विभूतीची पुडी मागून घेतली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं : 'भेग तपासणी पावडर.'

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी ती जुनी गाडी आमच्या दारात येऊन थांबली. एचएसआर ते पीण्या, अख्खं बेंगळुरू ओलांडून, आणि स्टिअरिंगवर काकू! शेजारच्या सीटवर, सीट बेल्ट लावून, वॉकर. काका मागे.

काकू दाराला धरून सावकाश उतरल्या. काठी होती, पण ती टेकायचं विसरत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, तुमच्याकडे भंगारवाला येतो ना? हा त्याला देऊन टाका."

अण्णांनी वॉकर घेतला, साखळीला टांगला, हातोडीने ठोकला आणि डोळे मिटून ऐकलं.

"ह्यात काही जीव नाही," ते म्हणाले. "ठेवून जावा."