जांभई येते कुठून

माझा मामा भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की तो दुरुस्त करायचा. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेजसाठी दिघाशीहून येऊन त्याच्याकडेच राहत होते. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट.

एका सकाळी चहा पिताना मामाच्या हातातून कप सुटला. जीभ जड झाली. दुपारपर्यंत सगळं अंग लुळं पडलं, चेहरासुद्धा हलेना. ठाण्याच्या एका दवाखान्यात त्याला नेलं. नाकातून नळी घातली. श्वास आपला आपण चालत होता, डोळे अर्धवट उघडे, पण नजर समोर खिळलेली. हाक मारली तर काही नाही. बेशुद्ध आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

भेटायला येणारे त्याच्या उशाशीच बसून, तो तिथे नसल्यासारखे बोलत. मामीचा भाऊ एकदा म्हणाला, "आता पोरीचं उरकून टाकू. गणेशपुरीचं स्थळ हाय. शाळेचं काय घेऊन बसलीस?" मामेबहीण तेव्हा नववीत होती. मामी मामाचं पांघरूण सारखं करत राहिली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी मामाचं तोंड पुसत होते, तेवढ्यात त्याला जांभई आली. चांगली मोठी, जबडा पूर्ण उघडून. मी दचकून मागे सरले.

मामी म्हणाली, "कालपन आलेली. तोंड उघडा म्हटलं तर उघडत न्हाईत, आनि जांभई बघ केवढी!"

मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. ते आले, मामाच्या तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, "मामा, वर बघा."

मामाचे डोळे वर गेले.

"खाली बघा." डोळे खाली आले. "आता उजवीकडे." काहीच नाही. डॉक्टरांनी पुन्हा वर बघायला सांगितलं, डोळे पुन्हा वर गेले. डॉक्टर स्टुलावर बसलेच.

"मावशी, हे शुद्धीवर आहेत. कदाचित पहिल्यापासूनच. मामा, हो म्हणायचं असेल तर वर बघा, नाही म्हणायचं असेल तर खाली."

मामीने आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग मामाकडे वळून हळूच विचारलं, "म्हंजे माझा भाव बोलला ते सगलं ऐकलंत तुमी?"

डोळे वर.

माझ्या पुस्तकात मेंदूची आकृती होती. मध्यमेंदू, पॉन्स, मेड्युला ही नावं मी घोकूनही ठेवली होती. पण ती माणसात असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं. त्यांनी आपला हातच वर धरला. "ही मूठ म्हणजे मोठा मेंदू. हे मनगट म्हणजे ब्रेन स्टेम, मेंदूचा देठ म्हण. देठाच्या वरच्या भागातून, म्हणजे मध्यमेंदूतून, डोळे वरखाली होतात, पापण्या उघडतात. जाग राहते तीही वरच्या भागामुळेच. अगदी खाली मेड्युला. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, खोकला, उचकी हे सगळं तिकडचं. आणि मधला तो पॉन्स, म्हणजे पूल. हातापायांना, चेहऱ्याला जाणारे हुकूम त्याच्यावरून जातात. डोळे डावीउजवीकडे फिरवायचं कामही तिथलंच. तुझ्या मामांचा रक्तपुरवठा तिथे तुटलाय."

"मग जांभई कशी आली?"

"ती मुद्दाम द्यावी लागत नाही ना. तिची वाट वेगळी असावी. नक्की कुठून येते, मलाही सांगता येणार नाही."

एसटीने भिवंडीला परतताना मी त्याच विचारात होते. जांभई आपण करत नाही, ती येते. उचकी येते, शिंक येते, जागही येते. बोलणं मात्र आपल्याला करावं लागतं. इतकी वर्षं हे शब्द तोंडात होते, आणि त्यांच्यात काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाला म्हटलं, "मी अक्षरं म्हणते. हवं ते आलं की वर बघ." क म्हटलं, ख म्हटलं, तर ख वरच डोळे वर. मग पुन्हा सुरुवातीपासून. ज वर थांबला. खज? मामी एकदम ओरडली, "खाज!" कुठे ते शोधायला आम्ही डोक्यापासून सुरुवात केली. डाव्या कानामागे निघाली. मामीने खसाखसा खाजवलं, आणि मामाला हसू आलं. तोंड वेडंवाकडं झालं, घशातून घरघर आवाज निघाला, डोळ्यांतून पाणी. नर्स धावत आली, तर आम्ही दोघीही हसत होतो.

मामीचा भाऊ पुन्हा आला, तेव्हा मामीने त्याला खाटेसमोर उभं केलं. "आता यांनाच विचार."

तो चाचरत म्हणाला, "दाजी, पोरीचं ते स्थळ... बघायचं का?"

मामाने डोळे इतके खाली नेले की बुबुळं जवळजवळ दिसेनाशी झाली. त्या स्थळाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मामाला घरी आणलं. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खडखड ऐकू येईल अशा खिडकीशी खाट लावली, तशी त्यानेच मागणी केली होती. एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, आत अंधार असतो का?" डोळे खाली. "तू शुद्धीवर आहेस हे कोणाला कळत नव्हतं, तेव्हा भीती वाटायची?" वर. "आता?" त्याने वर पाहिलं नाही, खालीही नाही. हो आणि नाही यांच्या मधलं विचारायची सोय आमच्याकडे नव्हती.

पुढे डाव्या हाताचा अंगठा थोडा हलायला लागला. पण खोकला जोरात काढता यायचा नाही, छातीत कफ साठायचा. काही वर्षांनी एका थंडीत त्यातच तो गेला. मुलगी तोवर दहावी होऊन नर्सिंगला लागली होती. रोज घरी आली की त्याच्या खाटेशी बसून पेपर मोठ्याने वाचायची, आणि कुठली बातमी सोडायची ते तो डोळ्यांनी सांगायचा.