फॉस्टिन सुवारीसचं बसून जेवण

आरोंद्यात फॉस्टिन सुवारीसला बसलेलं पाहिलंय असं सांगणारी माणसं थोडीच निघतील. चर्चमध्ये तो बसतो, पण तिथेही शेवटच्या बाकाच्या टोकाला, एक पाय बाहेर काढून. कुणाला काही हवं झालं तर चटकन उठता यावं, म्हणून.

एकतीस वर्षं त्याने प्रवासी बोटींवर स्टुअर्डची नोकरी केली. मावशीचा नवरा पेडण्याचा. त्याने विशीतल्या फॉस्टिनला मुंबईतल्या कुडीत, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गाववाल्यांच्या सामायिक खोलीत नेऊन ठेवलं आणि तिथून फॉस्टिन जो बोटीवर चढला तो थेट पहिल्या वर्गाच्या जेवणघरात. खुर्च्या मागे ओढायच्या, ताट डावीकडून ठेवायचं, उजवीकडून उचलायचं. एका टेबलावरची सहा माणसं मिठाला कितपत हात लावतात, हे त्याला दुसऱ्या दिवशी पाठ असायचं. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा हातावरचा नॅपकिन तेवढा उतरला होता. बाकीचा स्टुअर्ड तसाच घरात आला.

एलिनाच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात तर कहर झाला. काळा सूट, पांढरा शर्ट घालून फॉस्टिन सरबताचा ट्रे फिरवत होता. नवऱ्या मुलाच्या मामाने त्याला थांबवून विचारलं, "अहो, मुलीचे वडील कुठे दिसत नाहीत?" फॉस्टिन कमरेत किंचित वाकून म्हणाला, "शोधून आणतो, सर," आणि खरंच शोधायला गेला. मांडवाच्या मागे पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं.

गावाला ह्याचं कौतुक. शेजारची लक्ष्मी तर त्याच्या बायकोला, लुईझाला, येताजाता ऐकवायची, "तुजो घोव तुका वाढता गो! आमच्याक पाण्याचो तांब्योसुदीक हातात देवक लागता." लुईझा हसून वेळ मारून नेई. लक्ष्मीला काय सांगणार? लुईझा जेवायला बसली की पाठीमागे हा उभा. माशाची कढी संपत आली की वाटी भरलेली. पाण्याचा ग्लास कधी अर्ध्यावर आला नाही. काटे काढून ठेवायला शेजारी वेगळी बशी. तिचं झालं की ताट उजवीकडून उचलायचं, मग आत ओट्याशी उभ्या उभ्या आपलं जेवण उरकायचं. चार मिनिटांत. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि समोरासमोर बसून, काय कढी झाली आहे, मीठ कमी पडलंय का, असं बोलत बोलत दोघं एकदाही जेवली नव्हती. पूर्वी ती म्हणायची, बोट सुटली की बसेल. बोट सुटून नऊ वर्षं झाली.

हे तिने फोनवर फक्त एलिनाला सांगितलं, तेही एकदाच आणि मग रडू आलं म्हणून फोन ठेवून दिला.

एलिना शिकागोला. नोकरीपायी तिचं सदा विमानात जाणं-येणं. तिच्या धाकट्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या प्रसादविधीला, आईवडिलांनी यायचं ठरलं, तेव्हा विमान कंपनीकडे साठलेल्या मैलांच्या बदल्यात तिने दोघांची पहिल्या वर्गाची तिकिटं काढली. फोन स्पीकरवर टाकायला लावून म्हणाली, "पप्पा, नीट आयका. त्या विमानात प्रत्येकाक दार असलेली खोली मिळता. आणि समोर एक बसाची जागा असता. दोन माणसा टेबल मांडून समोरासमोर जेवतत. ह्या तिकीट ममीसाठी आसा. तुमी फक्त तिच्यासमोर बसान एक जेवण जेवाचा. येकच."

"जेवतंय मां," फॉस्टिन म्हणाला.

"उठाचा नाय."

"नाय."

"शपथ घेवा."

फॉस्टिनने छातीवर क्रूसाची खूण केली. लुईझाने ते पाहिलं आणि तिला वाटलं, आता तर आणखीच पंचाईत. शपथ मोडली तर पापही लागायचं आणि जेवणही जायचं.

विमानात चढतानाच तिने त्याला पुन्हा बजावलं. तो तोच काळा सूट घालून आला होता. चार दिवस तिने समजावलं, निळा शर्ट घाला, स्वेटर घाला. नाही. "पयल्या वर्गात काळो सूटच लागता," एवढंच त्याचं उत्तर.

खोली मात्र खरंच खोली होती. सरकतं दार, पलंगाएवढी होणारी खुर्ची, तिच्यासमोर पाय ठेवायला, नाहीतर दुसऱ्याने बसायला, गादीची चौकट, तिलाही पट्टा. विमानातली मुलगी आली. छातीवर नाव, नम्रता. गुडघ्यावर बसून मराठीत म्हणाली, "काका-काकू, माझा ह्या वर्गातला हा पहिलाच आठवडा आहे. काही हवं असेल तर हे बटण दाबा." ती सरबताचे ग्लास घेऊन परत आली तेव्हा फॉस्टिन उठून उभा राहिला. तीही गोंधळून उभी राहिली. दोघं एकमेकांना ट्रे देऊ पाहत होती. शेवटी लुईझाने हात पुढे करून दोन्ही ग्लास घेतले आणि तो तंटा मिटवला.

विमान वर गेल्यावर फॉस्टिनने पट्टा सोडला. ग्लास उजेडात धरला, रुमालाने पुसला. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी जरा बाथरूमाक जावन येतंय."

वीस मिनिटं झाली. लुईझाने दार सरकवून बाहेर डोकावलं, आणि समोरून फॉस्टिन येताना दिसला. हातात ट्रे, ट्रेवर टोमॅटोचा रस, डाव्या हातावर पांढरा नॅपकिन. ताठ, तरंगत आल्यासारखा. तो तिच्यासमोरून निघून गेला आणि तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पलीकडच्या खोलीतल्या जाड भिंगाच्या म्हाताऱ्या गृहस्थासमोर वाकून त्याने ग्लास ठेवला. म्हाताऱ्याने त्याला कर्मचारी समजून रस मागितला होता, एवढीच चूक झाली होती. पुढचं सगळं फॉस्टिनच्या हातून आपोआप घडलं होतं.

थोड्या वेळाने नम्रताच लुईझाकडे आली. चेहरा रडवेला. "काकू, प्लीज काकांना बसवा. पुढच्या बाई म्हणतात, मला नको, त्या सीनियर माणसालाच पाठवा. मागे आमच्या मॅडम आहेत, त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"तू काय सांगू नको," लुईझा म्हणाली. "मीच बघतंय."

तिने त्याला पॅन्ट्रीतून बाहेर काढलं. तो तिथल्या पोराला नॅपकिनची गुलाबाची घडी शिकवत होता. हात धरून खोलीत आणलं, दार सरकवलं. ते दार डोक्यापर्यंतसुद्धा पोहोचत नव्हतं, म्हणून भांडण दबक्या आवाजात करावं लागलं.

"शपथ घेतलास मां तुमी?"

"जेवणाची घेतलंय. ह्यो टोमॅटो रस व्हतो."

"फॉस्टिन!" ती त्याला नावाने क्वचित हाक मारायची. "माज्यासमोर बसान जेवक तुमका लाज वाटता?"

"तसा नाय गो."

"मग कसा?"

फॉस्टिनने टेबलाच्या कडेवरचा न दिसणारा डाग अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "बोटीर आमका जेवणाक अकरा मिन्टा. पॅन्ट्रीत उभ्यान. बसलो तर वयलो साहेब वरडता. आता बसलंय तरी माका समोरच्याच्या ताटात काय संपला तांच दिसता. माज्या ताटात काय आसा तां दिसणाच नाय. तुज्यासमोर मी असो जेवलंय, तर तू म्हणशीत, ह्यो माणूस काय हावऱ्यासारखो खाता."

एकोणचाळीस वर्षांत लुईझाने हजार कारणं मनात धरली होती. हे त्यात नव्हतं.

"म्हणाक मी म्हणीन," ती म्हणाली. "पण बसा."

जेवण आलं. नम्रताने दोघांच्या मधल्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, काटे-चमचे मांडले. पहिली आली ती काळ्या मण्यांची इवलीशी वाटी, बरोबर शिंपल्याचा चमचा. लुईझाने वाटी नाकाशी नेली.

"ही गाबोळी मां?"

"गाबोळीच. माशाची अंडी. लई महाग."

"इतकीशी? आमच्या बाजारात घोळीची गाबोळी हाताच्या पंज्याएवडी मिळता. आनी चमचो तरी बरो देवचो, शिंपले उचलून आणल्यानी."

"धातूचो चमचो लागलो तर वास येता, म्हणान," फॉस्टिन म्हणाला, आणि लगेच उठला. पाव तिच्या डावीकडे हवा होता, तो उजवीकडे होता.

"बसा."

बसला. पुन्हा उठला, तिचा नॅपकिन घसरत होता. "बसा!" बसला. नम्रता सूप ठेवत होती. तिच्या हाताखाली ताटली जरा तिरकी होतेय, असं दिसताच त्याचा हात पुढे आला. "फॉस्टिन!" हात मागे गेला. लुईझाचं सूप थंड होत होतं आणि तिने अजून चमचा उचलला नव्हता. तो उठतोय का, एवढंच ती बघत होती. तिच्या मनात आलं, आज मी त्याच्यावर पहारा करतेय. ह्याला काही जेवण म्हणत नाहीत.

नम्रताने मासा आणि बटाटे आणून ठेवले, आणि नेमकं तेव्हाच विमान हललं. टेबलावरचे ग्लास किणकिणले. डोक्यावर पट्ट्याचा दिवा लागला, आणि कॅप्टनचा आवाज आला. पुढे हवा खराब आहे, सर्वांनी आपापल्या जागी बसून पट्टे बांधावेत, कर्मचाऱ्यांनीसुद्धा.

कप्तान! एकतीस वर्षांत फॉस्टिनने कप्तानाचा हुकूम मोडला नव्हता. तो ताठ झाला, गादीच्या चौकटीवरचा पट्टा पोटावर ओढला, खट्‌कन लावला आणि ताटाकडे बघत बसला. लुईझाने आजवर त्याच्या कप्तानांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. ह्या कप्तानासाठी मात्र तिने डोळे मिटून एक छोटी प्रार्थना म्हटली. मग तिने हात लांबवून त्याच्या माशावर लिंबू पिळलं.

"मीच घेतलंय असतंय," तो म्हणाला.

"जेवा."

आणि तो जेवला. खाली मान घालून, कोपर अंगाशी धरून, मासा, बटाटे, पाव, लोणी, एकामागोमाग एक, घास चावला न चावला तोच पुढचा. चार मिनिटांत ताट चकचकीत. मग त्याने घाबरून वर पाहिलं. लुईझाचा मासा जवळजवळ तसाच होता.

"हावऱ्यासारखो खाल्लंय मां?"

"होय," लुईझा म्हणाली. "अगदी."

तो कान लाल करून बसला. हसावं की नाही, त्याला कळेना. मग तिलाच हसू फुटलं, आणि खोकला आला, आणि पाणी तिने स्वतःच उचलून प्यायलं.

त्यानंतर तिने जे केलं ते जरा दुष्टपणाचंच होतं. तिने सावकाश जेवायला सुरुवात केली. एका बटाट्याचे चार तुकडे, मग त्या प्रत्येकाचे दोन. मासा असा निवडायला लागली की जणू त्यात काटे आहेत. फॉस्टिनला पट्ट्याने बांधून टाकलेलं, समोर रिकामं ताट, हातांना काही काम नाही. त्याने एक हात दुसऱ्या हातात धरला. मग टेबलाखाली नेला. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलू लागला. बोटीवरच्या एका बाईची गोष्ट, जी रोज आपल्या मांजराला शेजारच्या खुर्चीवर बसवून त्याच्यासाठी वेगळा मेनू मागायची. लुईझा हसली. हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"तुमी कधी सांगलास नाय."

"तुज्या पाठीमागे उभो ऱ्हवान कसा सांगतलो?" तो म्हणाला, आणि स्वतःच थोडा चमकला.

टिंग. पट्ट्याचा दिवा विझला. बाहेर पावलं वाजू लागली. फॉस्टिनचा हात आपोआप बकलावर गेला. खट्‌. पट्टा सुटला. लुईझाने काटा खाली ठेवला. तिच्या ताटात अजून अर्धा मासा होता. 'बसा' म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते म्हटलं नाही. दर वेळी आपणच म्हणायचं, तर मग शपथ कोणाची?

तेवढ्यात दारावरून जाड भिंगाचं डोकं आत डोकावलं. तोच म्हातारा. "अरे, इथे आहात होय! एक काळी कॉफी मिळेल का?"

फॉस्टिन अर्धा उठला. खांदे ताठ, मान किंचित पुढे, ओठांवर 'येस, सर' तयार. असा तो बराच वेळ हवेत लटकला.

"सर," तो म्हणाला, "घंटीचं बटण उजव्या हाताला आहे. मुलगी चांगली आहे, लगेच आणेल. माझं जेवण चाललंय."

म्हातारा त्याच्या रिकाम्या ताटाकडे, मग लुईझाच्या ताटाकडे बघून, "हो हो, सॉरी," म्हणत निघून गेला. फॉस्टिन खाली बसला. काटा उचलून त्याने लुईझाच्या ताटातला एक बटाट्याचा तुकडा आपल्या ताटात घेतला.

"तेंका साखर नको असता," थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला. "चेडवाक सांगूक होया व्हता."

"फॉस्टिन."

"बसलंय मां गो," फॉस्टिन म्हणाला आणि तो तुकडा त्याने चावून चावून खाल्ला.